वरच्या खोलीची घरपट्टी

घरपट्टीचा कागद हातात पडला तेव्हा मी आधी चष्मा पुसला, मग पुन्हा वाचलं. आकडा काही हलेना. गेल्या वर्षीच्या दुप्पट! खाली बारीक अक्षरात कारणही दिलं होतं : 'गच्चीवर एक खोली. वापर : भाडेकरू.'

"अगं बाई!" मी मोठ्यानं म्हणाले. घरात ऐकायला कुणी नसतं, पण मी एकटी असले तरी मोठ्यानंच बोलते. "माझ्या घरात भाडेकरू, आणि मलाच पत्ता नाही!"

मुलीला फोन लावला. ती परगावी असते, तिचा संसार तिकडे. कागद वाचून दाखवला.

"आई, खोली म्हणजे... बाबांची?"

"मग दुसरी कुठली? माझ्या माहेरची?"

दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. पण हसू ओसरल्यावर तिचा आवाज बदलला. म्हणाली, "आई, एवढी पट्टी तुला दरवर्षी झेपायची नाही. माझ्याकडून तू घेणार नाहीस. अपील कर. नाहीच कमी झाली, तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. या वेळी मी तुझं काही ऐकणार नाही." ती हट्टाला पेटली की कुणाची नाही, माझ्यावर गेलीय. आणि लेकीकडे मी आनंदानं जाते, पण पाहुणी म्हणून. हे घर सोडून मी जगेन कशी, हे मला खरंच माहीत नव्हतं.

आता ही खोलीची काय भानगड, ते सांगते. आमचं घर बैठं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, वर गच्ची, आणि गच्चीवर जायला बाहेरून जिना. घराला चिकटून एका लाकूडवाल्याचं गोदाम. त्याची उंच भिंत आमच्या गच्चीच्या एका अंगाला उभी, कोरी करकरीत. आमचे हे नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा म्हणा, जंगल म्हणा, तुरुंग म्हणा, मागाल ते. सगळे त्यांना पडदेवालेच म्हणायचे. कौतुक पोतंभर आणि पैसा चिमूटभर. "राजवाडे रंगवणाऱ्याच्या घरात पाहुण्याला अंथरूण टाकायला जागा नाही," असा टोमणा मी उठता-बसता मारायची, आणि ते ब्रश धूत बसायचे.

मुलगी लहान असताना माझी आई पहिल्यांदा राहायला आली. तिला स्वयंपाकघरात निजवावं लागलं, भांड्यांच्या फळीखाली. पहाटे दूध घ्यायला उठले की मी तिला ओलांडून जायची. आईला ओलांडून! तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. "तुमची अडचण होते गं," म्हणाली, आणि गेली. मी यांच्यावर अशी काही तापले की विचारू नका. "गच्चीवर एक खोली बांधा," म्हटलं, "एकच. माझ्या आईला पाय पसरायला." हे मान खाली घालून ऐकत राहिले.

पुढे विटांची चौकशी झाली, गवंडी येऊन मापं घेऊन गेला, आणि दर वेळी काहीतरी आडवं आलं. मीही मग बोलायचं सोडलं. एकदा मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. परत येताना वळणावरूनच दिसलं : आमच्या गच्चीवर खोली! हिरवं दार, शेजारी खिडकी, खिडकीचा पडदा वाऱ्यानं जरासा फुगलेला, आत दिवा लागलेला. मी पिशवी रस्त्यातच टाकली आणि धापा टाकत जिना चढले. कडीला हात घातला, तर हात सपाट भिंतीवर आपटला.

मागे हे उभे. हाताला हिरवा रंग तसाच. "तूर्त एवढीच जमली," म्हणाले.

राग आला, अगदी मस्तकात गेला. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. मग चहाचे दोन कप घेऊन वर गेले आणि दोघं त्या दाराला पाठ लावून बसलो. उन्हं उतरली तरी त्या खिडकीतला दिवा जळतच होता. मला फार आवडली ती खोली. आजही सांगते, बांधलेली असती तर इतकी आवडली नसती.

तेव्हापासून ती आमच्या घरातली खोलीच झाली. वस्तू सापडली नाही की 'वरच्या खोलीत असेल'. भांडण झालं की हे 'मी वरच्या खोलीत चाललो' म्हणून गच्चीवर जाऊन बसायचे. मुलगी तिथंच अभ्यासाला बसायची आणि खालून मी फार बडबडले की ओरडायची, "आई, हळू बोल, दार लावलंय तरी ऐकू येतंय!"

आईला निरोप पाठवला, खोली झाली, ये. ती आली. गुडघ्यावर हात ठेवत जिना चढली. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची ती. तिला चित्र कळलं नसेल असं समजू नका. तिनं दाराशी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी पायांनी उभी राहून खोली बघत राहिली.

"जावईबापू," म्हणाली, "खोली हवेशीर आहे हो. आता मी निवांत राहीन."

जगाची थट्टा करणारे हे, पण तेव्हा त्यांना मान वर करता येईना. आई त्या खेपेला चांगली महिनाभर राहिली. झोपायची स्वयंपाकघरातच, भांड्यांच्या त्याच फळीखाली. मी हळहळले की म्हणायची, "इथं नुसती निजते गं. खोली आहे माझी वर."

पुढे आई वारली, त्यानंतर एका दुपारी हे मला न सांगता रंग घेऊन वर गेले. दाराशी, खाली, तिच्या चपला रंगवल्या. जोडून ठेवलेल्या. डाव्या चपलेचा पट्टा तिनं वेगळ्या दोऱ्यानं शिवला होता, तोसुद्धा. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणी त्या दाराशी पायात काही घालून गेलं नाही.

आणि त्याच चपलांनी घात केला. पालिकेत गेले तेव्हा खिडकीवरच्या कारकुनानं उलगडा केला. यंदा पहिल्यांदाच घरोघर पाहणी झाली होती, आणि माणूस आला तेव्हा मी बाजारात होते. तो अर्धा जिना चढला, दार बघितलं, चपला बघितल्या, हाक मारली. ओ आली नाही. "चपला बाहेर म्हणजे माणूस आत, आजी," कारकून म्हणाला. "झोपला असेल म्हणून त्यानं भाडेकरू लिहिला."

"तर्क बरोबर आहे हो," मी म्हटलं, "पण ती भिंत आहे."

अपील लिहून दिलं. सुनावणीला अधिकारी बाई होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, बांधलेली खोली नाहीच म्हणणारे रोज येतात. खोली चित्रातली आहे म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मग या की बघायला. चहा टाकते."

त्या आल्या. मुलगीही रजा काढून आली होती. बाई रस्त्यात थांबल्या, वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "आजी, आहे की खोली!"

"वर तर चला," मुलगी म्हणाली.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बाई पुटपुटल्या, "आणि भाडेकरूही आहे." मग सवयीनं त्यांनी बूट काढले, आईच्या चपलांशेजारी ठेवले, आणि दारावर टकटक करायला हात उचलला. बोटं भिंतीला लागली. त्या तशाच उभ्या राहिल्या. पडदा चाचपला, कडी चाचपली, आणि भिंतीला धरून खदखदून हसायला लागल्या. हसता हसता बूट घ्यायला वाकल्या, तिथं त्यांना दुसरा जोड नीट दिसला, आणि हसू थांबलं.

"या कुणाच्या?"

"माझ्या आईच्या."

त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. कठड्यावर बसून चहा घेतला आणि लिहिलेलं वाचून दाखवलं : "गच्चीवर खोली नाही. कोणीही राहत नाही. इथं सही करा, आजी."

सही करायची म्हणजे काय, तर घर वाचत होतं. पण हात उचलेना. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून जे जपलं, ते नाही म्हणून मीच लिहून द्यायचं? "आई," मुलगी हळूच म्हणाली, "कर." मी सही केली.

निघताना बाई म्हणाल्या, "या वर्षीची पट्टी कमी होईल. पण पुढच्या पाहणीत कुणीतरी खालून बघणार आणि पुन्हा खोली लावणार. मग पुन्हा अपील, पुन्हा रांग. भिंतीला चुना मारून टाका, कायमचं सुटेल."

सरकारला चुना लावणारे पुष्कळ ऐकले होते. मला सरकारच चुना लावायला सांगत होतं.

मुलीनं दुसऱ्याच दिवशी चुना कालवला. "दरवर्षी रांगेत उभं राहणार आहेस का या गुडघ्यांनी? एक वर्ष चुकलं, तारीख उलटली, की घर गेलं. बाबा असते तर त्यांनी स्वतः पुसलं असतं." खरं होतं तिचं. मी तिच्या हातातून ब्रश हिसकावला. "मग मीच मारते," म्हटलं. "परक्याचा हात नको लागायला, आणि तुझाही नको."

ती बादली घेऊन माझ्या मागून आली. दाराशी पोचलो आणि मी चपला काढल्या. मुद्दाम नाही, आपोआप. वळून बघते, तर मुलगी एका हातात चुन्याची बादली सांभाळत, एका पायावर तोल सावरत दुसऱ्या पायातली चप्पल काढत होती. आमची नजरानजर झाली. तिनं बादली खाली ठेवली आणि भोकाड पसरलं, लहानपणी पसरायची तसं.

"ठेव तो ब्रश," म्हणाली. "आजी आहे आत."

मीही रडले. मग डोळे पुसून आम्ही खाली आलो आणि त्या चुन्यानं स्वयंपाकघर रंगवून काढलं. कालवलेला चुना वाया घालवायचा नसतो.

आता दरवर्षी पट्टी वाढून येते आणि दरवर्षी मी रांगेत उभी राहते. मुलगी तारखेच्या आधी आठवडाभर फोन करून डोकं खाते. गुडघे बोंबलतात. कारकून मला लांबूनच विचारतो, "आलात, आजी? भाडेकरू काय म्हणतात?" अधिकारी बाईंची बदली झाली, नवे साहेब आले, पण त्या ऑफिसातले लोक महाबिलंदर. नवीन माणसाला कुणी आधी सांगतच नाही. तो बिचारा तावातावानं येतो, जिना चढतो, बूट काढतो, टकटक करतो. मी मागे चहा घेऊन उभी असते. ज्या घरात पाहुण्याला जागा नव्हती, त्या घरात वरच्या खोलीला वर्षातून एकदा तरी पाहुणा येतो.

यंदा आलेला साहेब जरा रागीट होता. भिंतीला हात लागल्यावर ओशाळला. चपलांचं विचारलं, मी सांगितलं. त्यानं कागदावर लिहिलं, 'खोली नाही, कोणी राहत नाही', माझी सही घेतली, आणि बूट हातात घेऊनच जिन्याकडे आला. मी पुढे उतरत होते.

"येतो हं, आजी," मागून त्याचा आवाज आला.

या म्हणायला मी वळले. त्याची माझ्याकडे पाठ होती. तो दाराकडे बघून बोलत होता.