हळू वाजवा

"जगात बघण्यासारखं जे जे आहे, ते सगळं फुकट आहे!"

हे उद्गार पलंगाखालून आले, कारण वक्त्याची दुसरी चप्पल तिथे होती.

वक्ता टपालखात्यात सॉर्टर होता. आलेल्या पत्रांवरचे पत्ते वाचायचे आणि ज्या त्या भागाच्या खणात पत्र टाकायचं, हे त्यानं बावीस वर्षं केलं होतं. त्यामुळे अख्खं शहर त्याला तोंडपाठ होतं, फक्त पाहिलेलं नव्हतं. म्हणून दर रविवारी तो बायको-मुलीला घेऊन एखादा पत्ता बघायला निघे. 'गिरणीसमोर, दोन जिन्यांचं घर' असं पाकिटावर वाचलेलं असलं, की जाऊन जिने मोजायचे. दोन भरले की स्वारी कृतार्थ.

"लोक समुद्र बघायला जातात, आम्ही जिने," बायको म्हणे. पण पाण्याची बाटली भरून घेई.

अकरा वर्षांच्या मुलीला घरात 'चौकशी' म्हणत. हल्ली मात्र चौकशी बंद पडल्यासारखी होती. गेल्या रविवारी 'पाण्याच्या टाकीजवळ' या पत्त्यावरची टाकी जागच्या जागी सापडली, तेव्हा तिनं जांभई दिली. तशात मावशीनं भिंतीएवढा टीव्ही घेतला.

"बाबा, आज कंटाळा आला तर पुढच्या रविवारपासून मी मावशीकडे," तिनं सांगून टाकलं.

"चालेल," सॉर्टर म्हणाला. चालणार नव्हतं. म्हणून त्यानं राखून ठेवलेला हुकमाचा एक्का काढला: दर महिन्याला, एकाच वळणाच्या अक्षरात येणारं एक पाकीट. त्यावर नाव नसे. नुसतं 'जुन्या दवाखान्यामागे, जिन्याखालचं दार. हळू वाजवा.' तिकडच्या पोस्टमनला विचारता आलं असतं. पण विचारलं की सहल संपली, असा सॉर्टरचा नियम होता. तो नियम त्यानं अकरा वर्षं पाळला होता, आणि अकरा वर्षं त्याला नीट झोप लागली नव्हती.

"हळू का?" वाटेत चौकशीनं विचारलं. सॉर्टरनं कान टवकारले. इंजिन सुरू झालं होतं.

"तान्हं बाळ झोपत असेल," आई म्हणाली.

"अकरा वर्षं? ते बाळ आता माझ्या वर्गात असेल."

"कोणीतरी थोर विद्वान असेल," सॉर्टर म्हणाला. "ग्रंथ लिहीत असेल."

"तुम्हाला प्रत्येक बंद दारामागे विद्वानच दिसतो. उघड्या दारामागे एक तरी भेटलाय का?"

दवाखान्यामागे जिना होता, जिन्याखाली दार होतं. कमरेएवढ्या उंचीपर्यंत मळकट हिरवा रंग, त्याच्या वर नुसतं लाकूड. सॉर्टरनं एका बोटानं वाजवलं. शांतता. आईनं बांगडीनं वाजवलं. शांतता. चौकशीनं दाराला कान लावला.

"आत काहीतरी खुळखुळतंय!"

वीस मिनिटं तिघं चवड्यांवर उभी होती. शेवटी चौकशीच्यानं राहवेना. तिनं सरळ मुठीनं दणका दिला.

दार उघडलं नाही. ते निघालं. चौकटीतून सुटून हळूहळू बाहेर झुकलं आणि सॉर्टरच्या अंगावर आलं. त्यानं दोन्ही हातांनी ते झेललं आणि फळीला गाल टेकवून तो तसाच उभा राहिला.

"कोण आहे? हळू वाजवा म्हणून लिहिलेलं असतं ना?" आतून एक बाई आल्या. चष्मा कपाळावर, दातांत सुई.

"हळूच वाजवत होतो हो, वीस मिनिटं," आई म्हणाली.

"मग ऐकू कसं येणार? हळू म्हणजे इतकंही नाही. वरची बिजागरी गेलीय. एकदा पोस्टमनच्या डोक्यात पडलं, तेव्हापासून माझी बहीण पाकिटावरच लिहून पाठवते."

"अकरा वर्षं?" दारामागून खोल आवाज आला.

"राहून जातं हो. ते कोण, दाराला धरून?"

"आमचे हे."

"बरं झालं. तसंच धरून ठेवा, सोडू नका. खालची बिजागरीही जाईल. स्क्रू शोधते."

तोवर चौकशी आत घुसलीच होती. "आई गं!" ती ओरडली. "बाबा, बाहुल्या! सगळीकडे बाहुल्या, आणि एकीलाही डोळे नाहीत!"

"दुरुस्तीला आल्यात," बाई म्हणाल्या. "डोळे त्या खणात आहेत बघ. रंगांप्रमाणे लावलेत."

खण ओढल्याचा आवाज आला, आणि शंभरभर काचेच्या गोळ्या खुळखुळल्या. मग प्रश्नांची झड लागली: हे मिटतात कसे? आत वजन असतं का? करडे एवढे थोडे का? एकाच बाहुलीला दोन रंगांचे बसवले तर? बाई उत्तरं देत होत्या, आई टेबलाखाली स्क्रू शोधत होती, आणि अकरा वर्षं वाट पाहिलेला माणूस एका फळीची बाहेरची बाजू बघत होता. फळीवर एक गाठ होती. ती त्यानं तीनदा नीट पाहिली.

"बाबा, पुढच्या रविवारीही इथेच यायचं! मावशीकडे नको!"

सॉर्टरची छाती फुगली. दार इंचभर वर उचललं गेलं.

"बघितलंस? मी काय म्हणत होतो? जगात बघण्यासारखं जे जे आहे..." इथे त्याचा आवाज एकदम खाली आला. "चौकशे, एक डोळा इकडे आणून दाखव ना, गं."