बाजाराचा वाफा

"सकाळपासून मुलीने काय खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दूध, बिस्कीट... आणि टोमॅटो. घरचेच," सून म्हणाली.

"कुठल्या वाफ्यातले?" म्हाताऱ्याने मध्येच विचारलं.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. घरामागचा वाफा घरच्यांसाठी होता. त्यावर म्हाताऱ्याने कधी फवारणी केली नव्हती. रस्त्याकडेचे वाफे बाजाराचे. तिथे तो पाठीवर पंप घेऊन फिरायचा. आजही फिरला होता आणि चार वर्षांची नात बांधावर खेळत होती.

"तिथे काय फवारलं होतं?" त्याने हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"औषध," तो सवयीने म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "विष."

दुपार कलायच्या आत पोर गेली.

पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याच्या मुलाने बाजाराच्या वाफ्यांत तोडणी सुरू केली. माल लालभडक झाला होता, व्यापाऱ्याचा टेंपो यायचा होता. म्हातारा क्रेटसमोर आडवा उभा राहिला.

"हा माल जाणार नाही."

"बाबा, लोक धुऊन खातात हो."

"तिनेही पुसून खाल्ला होता रे. फ्रॉकवर डाग होता."

मुलाने हातातला क्रेट खाली ठेवला. मग तो कुदळ घेऊन आला. बापलेकांनी सगळा माल खड्ड्यात पुरला.

म्हाताऱ्याने पंप भंगारात घातला. पुढचं पीक शेणखतावर आणि कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यावर काढलं. निम्मं किडीने फस्त केलं. उरलेलं बघून व्यापारी म्हणाला, "काका, लोकांना चकाचक लागतं. हे कुणाच्या गळ्यात मारू?" मुलगा शहरातल्या गोदामात कामाला लागला. सूनही त्याच्याबरोबर गेली. पोर गेल्यापासून तिने कुठल्याच वाफ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

आता म्हातारा बाजारात टोपली घेऊन बसतो. परवा एक बाई थांबली, कडेवर मूल. टोमॅटो उचलून तिने उलटसुलट पाहिला.

"अहो, अळी आहे यात!"

"आहे ना. तेवढं कापून टाका. बाकीचा पोराला बिनघोर द्या."

"नको रे बाबा!" ती हसून पलीकडच्या गाडीवर गेली. तिथले टोमॅटो काचेसारखे चमकत होते. पोराने हात पुढे केला, तिने त्याच्या मुठीत एक दिला.

"बाई, देऊ नका!"

गाड्यांच्या गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही. म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि टोपली तशीच टाकून तिच्या मागे चालू लागला.