दहा लाख वीस हजारांचं न्हाणीघर

फुसाएने जाहिरातीचा कागद उलटा केला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि तीच बेरीज पुन्हा मांडली. तयार न्हाणीघर, सगळ्यात स्वस्तातलं, पाच लाख ऐंशी हजार येन. जुनं फोडायचे एक लाख चाळीस. नळ आणि वीज नव्वद हजार. आधाराचे दांडे, सरकतं दार आणि उंबरा काढून सपाट जमीन, मिळून दोन लाख. शेवटी कारागिरांच्या दहाच्या आणि तीनच्या चहा-खाऊचे दहा हजार.

"दहा लाख वीस हजार," ती मोठ्याने म्हणाली. "आपले आठ लाख चाळीस, आणि म्हातारपणाच्या देखभाल-विम्याचे एक लाख ऐंशी. अहो, तंतोतंत बसतंय."

तिचा नवरा तोकुजी खिडकीपाशी बसला होता. पक्षाघातानंतर त्याचा डावा पाय आणि अर्धी जीभ जड झाली होती. "चहाला दहा हजार?" तो सावकाश म्हणाला. "सुतार आणतेस की वऱ्हाड?"

"योसाकू-सान येणार म्हटल्यावर वऱ्हाडच ते."

गेल्या हिवाळ्यापासून तोकुजी घरच्या टबात उतरला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीची ती न्हाणी, बर्फासारख्या गार टाइला, टबाचा काठ मांडीएवढा उंच. आठवड्यातून दोनदा वृद्धांच्या देखभाल केंद्राची गाडी त्याला घेऊन जाई. तिथे मुली त्याला खुर्चीला बांधून पाण्यात सोडत आणि मुळ्यासारखा घासून परत पाठवत. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण ज्याने जन्मभर शेतातून येऊन गळ्यापर्यंत पाण्यात बसून दिवस संपवला, तो माणूस त्या दिवशी परत आला की भिंतीकडे तोंड करून झोपे. फुसाएला एवढंच हवं होतं, की बर्फ पडायच्या आत तो आपल्या घरच्या पाण्यात बसावा.

विम्याच्या कामासाठी नगरपालिकेकडे कागद पोचवणारी कानामोरी नावाची तरुण बाई फोटो काढून गेली होती. जाताना दारात तिने बजावलं होतं, "आजी, मंजुरीचं पत्र येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही हं. आधी काम सुरू केलं तर पैसे मिळत नाहीत."

"कळलं गं बाई, कळलं," फुसाए म्हणाली होती.

कळलं तर होतंच. पण भिंतीवर दिनदर्शिकाही होती.

आता हा तोनामीचा सपाट मुलूख म्हणजे अमिदा बुद्धाच्या भक्तांचा. इथल्या देवळात परगावचे प्रवचनकार येतात, सूर लावून, हुंदका आवरत, मधेच हसवत दोन-दोन तास सांगतात. नुकतंच एकाने गाऊन सांगितलं होतं, की ज्याला अमिदाने हाताशी धरलं त्याला कसला आलाय चांगला दिवस आणि वाईट दिवस. फुसाए पदर भिजेपर्यंत रडली असती, पदर नव्हता म्हणून रुमाल भिजवला. घरी येताना वाटेवर तोच सूर घोळवत आली. आणि दारात चपला काढल्या काढल्या दिनदर्शिकेपाशी जाऊन ताइआनचा शुभ दिवस कोणता ते पाहिलं.

शुभ दिवस आला, पत्र आलं नाही. त्यानंतरच्या शुभ दिवशी योसाकू दुसऱ्या गावी छप्पर घालायला जाणार होता, आणि मग बर्फ.

"वहिनी, एकच टाइल काढू," योसाकू हातोडा घेऊन उभा राहिला. तो तोकुजीचा शाळेपासूनचा मित्र, देवळातही शेजारी बसणारा. "नुसता मुहूर्त. बाकी काम पत्र आल्यावर."

"एकच हं."

तिने चिमूटभर मीठ टाकलं, योसाकूने साकेचे थेंब शिंपडले. मग तिला राहवेना. "द्या इकडे, मीच मारते." तिने भिंतीवर असा घाव घातला की टाइल निघाली, शिवाय शेजारची फुटली. दोघं पोरांसारखे हसले. बाहेरून तोकुजीचा आवाज आला, "प्रवचनात कोण रडत होतं?"

हसू अजून ओठावर होतं तेवढ्यात फोन वाजला. कानामोरी. एक फोटो नीट आला नाही, उद्या सकाळी परत येते, म्हणाली.

फुसाए फोन ठेवून तिथेच बसली. एक लाख ऐंशी हजार गेले, तर दांडे कुठून, दार कुठून? दांड्याशिवाय तो टबात उतरणार कसा?

योसाकूने मान खाजवली. "चिकटवून टाकू. माझ्याकडे मसाला आहे. फोटोत काय कळतंय?"

संध्याकाळपर्यंत टाइल जागेवर बसली. फुटलेली इतकी छान जुळवली की योसाकू स्वतःच लांबून बघून खूश झाला. फुसाएने रोजच्यासारखी देव्हाऱ्यापुढे घंटा वाजवली आणि स्तवन सुरू केलं. एरवी तिचा सूर शेजारच्या अंगणापर्यंत जायचा. आज पहिल्याच ओळीला सूर घसरला. तिने पाणी पिऊन पाहिलं. मग गुपचूप मेणबत्ती विझवली.

"काय झालं?" तोकुजी.

"सूर लागत नाही."

"मसाला ओला असेल अजून," तो म्हणाला.

सकाळी कानामोरी आली. तिने कॅमेरा बाहेर काढला. योसाकू भिंतीला पाठ लावून टाइल झाकून उभा होता, अगदी लग्नाच्या फोटोतल्या मामासारखा.

"जरा बाजूला होता का?"

"इथे उजेड बरा आहे," योसाकू म्हणाला.

फुसाएला पुढे सहन झालं नाही. "व्हा हो बाजूला. कानामोरी-सान, ती टाइल मी फोडली. काल. दिवस चांगला होता म्हणून. आणि मग चिकटवली." ती कमरेत वाकली ती वर उठेचना. "पैसे बुडाले तर माझ्या हाताने बुडाले. पण याच्यातून दांडे तेवढे वाचतील असं काही असेल तर सांगा. आरसा नको, फळी नको, चहासुद्धा मी घरचा देईन."

कानामोरीने टाइलवर बोट फिरवलं. मग पिशवीतून कागद काढून एकेक ओळ वाचली. वाकूनच वर बघणाऱ्या फुसाएला तिच्या कपाळावरची आठी तेवढी दिसत होती.

"आजी, विम्यात काय आहे? दांडे, उंबरा, दार. भिंत आणि टब तुमच्या खर्चाचे. भिंत यात नाहीच." तिने मान वर केली. "तरी जे झालं ते मी कार्यालयात जसंच्या तसं सांगणार. माझ्या मते अडायला नको. पण उंबऱ्याला हात लावलेला नाही ना?"

"मीठ पडलंय थोडं," फुसाए म्हणाली.

"मीठ चालेल."

योसाकूचा सुटकेचा श्वास इतका मोठा होता की तोकुजी बाहेर हसला. तो हसला की त्याचा अर्धाच चेहरा हसतो, पण त्या दिवशी दोन्ही बाजू हलल्यासारख्या वाटल्या.

पत्र आलं. ज्या दिवशी आलं तो दिनदर्शिकेत अगदी वाईट दिवस होता. "उद्यापासून?" योसाकूने विचारलं. "आजपासून," फुसाए म्हणाली, आणि खाऊच्या दहा हजारांतला पहिला खर्च करायला बीनच्या गोड वड्या आणायला धावली.

काम संपलं त्या संध्याकाळी नवं पाणी वाफाळत होतं आणि दोन म्हातारे दारात अडून बसले होते.

"पहिलं पाणी कारागिराचं," तोकुजी म्हणाला. "तू जा."

"घरधन्याच्या आधी? माझी बायको जेवण देणार नाही."

"मी नाही जात."

"मग मीही नाही."

"पाणी निवतंय," फुसाए ओरडली. "दोघेही जा."

शेवटी दोघेही गेले. योसाकू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठाशी, तोकुजीचा उजवा हात दांड्यावर. फुसाए दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. पाय सरकल्याचा आवाज, योसाकूचं "हळू, गाढवा, हळू," मग पाणी काठावरून सांडल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही.

"अहो?" तिने हाक मारली.

आतून मोठा उसासा आला आणि त्याच्या पाठोपाठ, जड जिभेने पण मोकळ्या गळ्याने, अमिदाचं नाम, "नामांदाबु... नामांदाबु..."

तिने डोळे पुसले. आतून पुन्हा आवाज आला.

"अगं, जरा गरम कर."