ओळखायचं कसं

धोबीखान्याच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे, कारण इस्त्री करता करता त्यांनी चर्चमधल्या निम्म्या माणसांना धर्मशिक्षण दिलं होतं. देव कोण, पाप काय, तारण कसं. प्रश्न त्यांचा, उत्तर तुमचं, आणि चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही माणूस बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चच्या पाळकांपुढे अडखळला नव्हता. हे त्या स्वतःच सांगत. एवढं महत्त्वाचं काम दुसऱ्यावर कशाला सोडायचं?

आता मात्र शिकणारी घरातलीच होती, त्यांची सून. लग्नात तिने धर्म बदलला नव्हता आणि कोणी आग्रहही धरला नव्हता. मग तिचा तान्हा मुलगा तापाने गेला. त्याला चर्चच्या आवारात पुरलं, तेव्हा तीच म्हणाली, "आई, मलाही बाप्तिस्मा घ्यायचाय. तो जिथे असेल तिथे मला जायचंय."

बाप्तिस्मा उद्यावर आला होता आणि सुनेचा पाय एका जागी ठरत नव्हता. चादरीची दोन टोकं धर म्हटलं तर घडी पुरी व्हायच्या आत ती खिडकीशी. मास्तरीणबाईंचीही इस्त्री आज भलतीच घाईत होती, आणि प्रश्न त्याहून घाईत.

"येशू कशासाठी मेला?"

"आपल्या पापांसाठी. तिसऱ्या दिवशी उठला."

"आपलं काय होणार?"

"देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन."

"शाबास. पुढचा—"

"थांबा आई. आपला बाळ उठेल तेव्हा केवढा असेल?"

"म्हणजे?"

"तान्हाच असेल, की मोठा? मोठा असेल तर त्याला वाढवलं कोणी? आणि मी त्याला ओळखायचं कसं?"

"हे प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पाळक विचारतील तेवढंच बोल, म्हणजे झालं."

"नुसतं पाठ केलेलं बोलायचं तर पोपट न्या." सुनेने चादर टाकली. "मी नाही येत उद्या."

मास्तरीणबाईंचा पारा चढला. त्या चार शब्द सुनावायला निघाल्या. नेमका हाच प्रश्न येऊ नये म्हणून तर आपण घोड्यावर बसल्यासारखं शिकवतोय, हे तेवढ्यात त्यांना कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. सून दारापर्यंत पोचली होती.

"अगं, मला नाही माहीत," त्या मागून म्हणाल्या. "बाळ गेला तेव्हापासून रोज देवाला हेच विचारतेय. नाही नाही ते बोलते, भांडते. पण तो एक अक्षर बोलेल तर शपथ."

सून वळली. "तरी विश्वास ठेवता?"

"नाही ठेवला तर भांडू कोणाशी?"

सुनेचे डोळे भरून आले. ती उंबऱ्यावरून परत आली आणि टाकलेली चादर उचलली.

"मग उद्यापासून दोघी विचारू," ती म्हणाली. "दोघींना कसा टाळतो ते बघू."