तोंडाला कुलूप

डॉक्टर, माझ्या अंगठ्याची वाट साखरेनं कमी आणि तुम्ही जास्त लावली होती. तोंडावर सांगते.

आठवतं का? त्या दिवशी ओपीडीत माझ्या पुढे आमच्याच चाळीतला खंडू होता. त्याचे हात थरथरत होते, तोंडाला दारूचा वास होता. त्याला तुम्ही खुर्चीवर बसवलंत. "हा आजार आहे, लाज बाळगू नका," म्हणालात आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून दिलात. घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, तिथला पत्ता.

मग माझा नंबर आला. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. मी धीर करून बोलले, "साहेब, माझं खाणं थांबत नाही. पोट भरतं, पण हात थांबत नाही." तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत.

"बाई, तोंडाला कुलूप लावा. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल."

आणि हसलात. तुम्ही हसलात म्हणून तुमच्या मागची शिकाऊ पोरंही हसली. खंडूला पत्ता, मला विनोद.

माझा नवरा भीमराज सरळ माणूस. डॉक्टरनं सांगितलं म्हणजे कुलूपच लावायचं. त्यानं फडताळाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून विक्रोळीच्या कारखान्यात ड्युटीला गेला. गूळ, शेव, बिस्किटं सगळं आत. बेसनाचा मोठा डबा तेवढा मावला नाही म्हणून बाहेर राहिला. मी दाराला कडी घातली आणि ते बेसन कच्चंच खाल्लं. मुठीनं. घशात चिकटायचं, वर पाणी प्यायचे, परत मूठ भरायचे.

तुम्हाला वाटेल, बाईला सुधारायचंच नव्हतं. अहो, मी तर रोज सुधारत होते! बुधवारपासून बंद. बाबासाहेबांची जयंती होऊ दे, मग बंद. दिराचं लग्न उरकू दे, मग बंद. एकदा तारीख ठरली की त्या तारखेपर्यंत मला मोकळं रान. उद्यापासून बंद, म्हणून आज शेवटचं पोटभर. अशी शेवटची जेवणं मी इतकी जेवले की एखाद्याचा जन्म त्यात निघाला असता.

खंडू मात्र सावरला. नळावर एकदा हळूच म्हणाला, "वहिनी, बैठकीला चला ना."

"मला काय दारुडी समजलास रे?"

"नाय ओ. पण त्या दिवशी मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो. साहेब काय बोलला ते ऐकलं. तुम्ही बोललात ना, हात थांबत नाही म्हणून? अगोदर मी पण तेच बोललो होतो. तेच शब्द."

"तिथं हसतील मला."

"हसतील तर मी बघतो ना. एकदा या तर."

गेले. फाटकापर्यंत गेले. फाटकाशी भज्यांची गाडी. खंडू आत जायचा आणि मी गाडीशी थांबायचे. पुढच्या रविवारी नक्की, असं स्वतःला बजावत कांदाभजी संपवायचे आणि बस पकडून घरी यायचे. असं किती रविवार चाललं. खंडू एका शब्दानं टोकायचा नाही. त्याचाच जास्त राग यायचा.

आमच्या भिंतीपलीकडच्या सुंदराबाई. त्यांची बहीण त्याच शाळेसमोर राहते. सुंदराबाईंनी मला फाटकाशी बघितलं, आत काय चालतं याची चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बाया एकदम गप्प. चाळभर झालं, सुलक्षणा पिते!

दुपारी सुंदराबाई स्वतः लिंबाचं सरबत घेऊन आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सोड गं पोरी. माझा भाऊ ह्यानंच गेला." डोळ्यांत पाणी. डॉक्टर, मी खात होते तेव्हा ह्याच बाया माझ्या चालण्याची नक्कल करायच्या. आता मी पिते म्हटल्यावर मला सरबत!

संध्याकाळी भीमराज तणतणत आला. "सगळ्यांना ओरडून सांगतो, माझी बायको थेंबाला शिवत नाही!"

"मग तिथं कशाला जाते म्हणून सांगाल? खाते म्हणून? हसतील."

तो खाटेवर बसला. चपला काढत म्हणाला, "आत काय सांगतात गं?"

"मला काय माहीत? मी आत गेलेच नाही."

"काय? म्हणजे आत जायची बदनामी झाली, आणि आत तू गेलीच नाहीस?"

मला हसू फुटलं. मग त्यालाही. हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "मग जा की बाई आता! राहिलंय काय?"

त्या रविवारी भज्यांच्या गाडीपुढून मी खंडूच्या आधी आत गेले. सगळे पुरुष, बाई मी एकटी. पोरांच्या बाकावर कशीबशी बसले. कोकणातला एक म्हातारा गिरणीवाला उभा राहून बोलत होता, "फाल्या सोडूची म्हणान मी आज दोन बाटले पियत होतंय. तो फाल्या काय इलोच नाय." त्याचा फाल्या म्हणजे माझा उद्या. मी उठले. "मी दारू पीत नाही. मी खाते. तुमच्यासारखीच खाते." कुणी हसलं नाही. म्हातारा म्हणाला, "बस गो बाय." छातीवरून पाटा उचलावा तसं झालं. मी रडले, पोटभर.

तिथं एकच शिकवलं. तारीख ठरवायची नाही. हात जाईल तेव्हा हात लावायच्या आधी कुणाला तरी सांगायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीवर थाप मारली. "सुंदराबाई, मला फरसाण खावंसं वाटतंय हो!"

"अगं बाई, वर चखणापण लागतो तुला?"

"चखणाच लागतो! दारू कधीच नव्हती!"

मी म्हटलं, आता हसतील. मग पलीकडून आवाज आला, "ये इकडं. मेथी निवडायला बस."

बुद्धपौर्णिमेला मी खिरीवर घसरले. वाटीवर वाटी. पण नवी तारीख काढली नाही. रात्रीचं जेवण रोजच्यासारखं, एक भाकरी आणि भाजी. फडताळाचं कुलूप आता पाण्याच्या पिंपाच्या झाकणाला आहे, मांजर येतं म्हणून.

आज तुम्ही पट्टी सोडलीत. जखम भरली, अंगठा वाचला. आणि तुम्ही म्हणालात, "छान! लावलंत ना कुलूप?"

नाही लावलं. बाहेर तुमच्या बाकावर माझ्यासारखीच एक बाई बसलीय. पिशवीत हात घालून लपूनछपून बिस्किटं खातेय. पुढचा नंबर तिचा आहे. तिला काय देणार, पत्ता की विनोद? मी दारातून हलणार नाही. बोला, डॉक्टर.