पानाकाका आणि अडकलेली लिफ्ट

प्रौढ माणसांना कसं शिकवावं, या विषयात त्याचा अधिकार फार मोठा होता. इतका, की त्याने आजवर एकाही प्रौढ माणसाला समोर बसवून काही शिकवलेलं नव्हतं. ऑफिसात त्याचा हुद्दा 'अध्ययन-अनुभव रचनाकार' असा होता. घरी कुणी विचारलं, तर सासूबाई सांगत, "आमचे जावई कार्टून काढतात."

सध्याचं कार्टून लिफ्टच्या मेकॅनिकांसाठी होतं. लिफ्ट कंपनीने ठिकठिकाणी नवं पॅनेल बसवलं होतं आणि ते कसं हाताळायचं, हे नटबोल्टांवर पाने फिरवण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसांना ऑनलाइन शिकवायचं होतं. प्रौढ विद्यार्थ्याच्या अनुभवाचा मान राखावा, त्याच्या वेळेची कदर करावी, असं त्याच्या स्वतःच्याच स्लाइडवर लिहिलेलं होतं. म्हणून त्याने पानाकाका जन्माला घातला. मिशीवाला, डोळे मिचकावणारा, बोलका पाना. बरोबर उत्तर आलं की पानाकाका टाळ्या पिटून म्हणे, "शाब्बास रे माझ्या वाघा!" कुणी घाई करू नये म्हणून पानाकाकाचं बोलणं संपेपर्यंत 'पुढे'चं बटण कुलूपबंद.

आणि काय सांगावं, कोर्स शंभर टक्के मेकॅनिकांनी पूर्ण केला! सगळे पहिल्या वर्गात उत्तीर्ण. आज लिफ्ट कंपनीच्या बाई ऑफिसात यायच्या होत्या. त्यांनी करार वाढवला तर त्याला विभागप्रमुखाची खुर्ची, नाही तर विभागालाच कुलूप. इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला, लिफ्टमध्ये शिरला, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने दम सोडला.

त्याने इतक्या हाका मारल्या की सासूबाई चष्मा सावरत जिन्यात आल्या. त्यांनीच मेकॅनिकला फोन केला. तो शेजारच्या इमारतीतच होता, हत्यारांची पिशवी घेऊन लगेच आला.

"घाबरू नका साहेब. दार उघडून उपयोग नाही, समोर भिंत आहे. लिफ्ट मजल्यावर आणावी लागेल," तो म्हणाला. "जुनं पॅनेल असतं तर एव्हाना तुम्ही खाली पोचला असता. हे नवं आहे."

"पण तुम्ही कोर्स केलाय ना?" त्याने दाराच्या फटीतून विचारलं. "सगळ्यांनी केलाय!"

बाहेर कुणीतरी घसा खाकरला.

"तो मी केलाय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही?"

"अहो, हा तेलपाणी करायला येतो तेव्हा मोबाइल माझ्याकडे ठेवून जातो. आजी, जरा दाबत बसा, म्हणतो. मला तरी दुपारचं काय काम? याचा केला, मग याच्या जोडीदाराचा. मग सगळेच आपापले पासवर्ड पाठवायला लागले. पोरं कामाची आहेत हो, त्यांना कुठला वेळ?"

ते शंभर टक्के म्हणजे एकट्या सासूबाईच होत्या तर. पण बैठक डोक्यावर होती.

"बरं, मग सांगा ना त्यांना, लिफ्ट मजल्यावर कशी आणायची ते!"

"ते कुठे विचारलं होतं? सुरक्षितता म्हणजे काय, ते विचारा. 'सुरक्षितता ही केवळ एक कृती नसून ती एक सर्वांगीण जीवन...'"

"आई!"

"माझ्यावर काय ओरडता? तुम्हीच लिहिलंय. सगळ्यात लांब उत्तर बरोबर असतं, एवढं कळलं की बाकी वाचायचीसुद्धा गरज नाही."

मेकॅनिकने फटीला तोंड लावलं. "साहेब, कोर्स तुमचा. तुम्हीच सांगा की."

आता आली पंचाईत. लिफ्ट कंपनीच्या इंजिनिअरने सगळी माहिती एका कागदावर लिहून दिली होती. पण ती फार रुक्ष होती, पानाकाकाच्या तोंडी शोभेना. म्हणून त्याने ती शेवटी, परीक्षेनंतर, 'अधिक माहितीसाठी' या बटणाखाली सरकवली होती. न वाचता.

"कोर्स उघडा," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "शेवटी आहे."

जिन्यात पानाकाकाचं गाणं घुमलं. मग पानाकाकाचं स्वागत. मग पानाकाकाचं बालपण.

"पुढे ढकला ना!"

"बटण चालत नाही साहेब. काका बोलतायत अजून."

"मित्रा," पानाकाका म्हणत होता, "तुझा वेळ मोलाचा आहे!"

त्याने लिफ्टच्या दारावर बुक्की मारली. ऑफिसातून फोनवर फोन येत होते आणि तो ते तोडत होता. बॉसला काय सांगणार, पानाकाका आवरत नाहीये म्हणून? अखेर परीक्षा आली. सासूबाई मेकॅनिकच्या खांद्यावरून हुकूम सोडू लागल्या. "तिसरं दाब. आता खालचं. अरे, लांबी बघ ना!" प्रत्येक उत्तराला जिना टाळ्यांनी दुमदुमला. शाब्बास रे माझ्या वाघा.

मग तो कागद उघडला. मेकॅनिकने एका दमात वाचला.

"एवढंच होय?" तो म्हणाला. पॅनेलवरची दोन बटणं दाबून धरली, किल्ली फिरवली. लिफ्ट निमूट खाली उतरली.

तो घामाघूम होऊन बाहेर आला. फोन पुन्हा वाजला. बॉसचाच होता, आणि बैठक तर एव्हाना आटोपली असणार. नोकरी गेली, असं धरूनच त्याने फोन कानाला लावला.

"अरे, कुठे आहेस? बाई जाम खूश!" बॉस ओरडत होता. "आत्ता कोर्स कोण करतंय ते दाखवणारी स्क्रीन त्यांच्यासमोर लावली, तर एक मेकॅनिक चालू कामातून वेळ काढून, स्वतःहून, कोर्स पुन्हा करतोय! 'अधिक माहिती' उघडणारा पहिला माणूस! वर पाच तारे दिलेत पठ्ठ्याने! बाई म्हणाल्या, याला म्हणतात शिकायची भूक. करार पक्का!"

त्याने मेकॅनिककडे पाहिलं. "पाच तारे?"

"चार तारे दिले तर मोबाइलवरची ती खिडकी बंदच होत नाही साहेब," मेकॅनिक हत्यारं पिशवीत भरत म्हणाला.

"बाईंना पुढचा कोर्स दुप्पट लांब हवाय," बॉस सांगत होता. "पण मला खरं सांग, ही भूक तू जागवलीस कशी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण विभागप्रमुखाची खुर्ची डोळ्यांपुढे आली आणि तो घुटमळला. सासूबाईंनी त्याच्या कोपराला हळूच ढोसलं.

"लांब द्या, लांब," त्या कुजबुजल्या.

त्याने शर्टाची कॉलर नीट केली.

"सर," तो म्हणाला, "प्रौढ शिक्षण ही केवळ एक प्रक्रिया नसून..."