पिवळ्या बिल्ल्याची शाळा

मी एक पिवळा बिल्ला बोलतोय. रुपयाएवढा गोल, प्लॅस्टिकचा, पाठीला सेफ्टी पिन. पिवळा रंग हळदीचा, झेंडूचा, शुभ, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी दुबईतली आमची शाळा पाहिलेली नसावी.

माझा जन्म शहाण्णव साली दुबईच्या करामा भागातल्या हमदुल्लाच्या दुकानात झाला. तिथे कप, ढाली आणि पदकं बनायची, त्यामुळे मला वाटलं की आपणही कुणाच्या तरी कौतुकासाठीच जन्मलो! शाळेच्या सुपरवायझर आणि दुसरीच्या वर्गशिक्षिका विभावरी मॅडम ऑर्डर द्यायला आल्या होत्या.

"दोनशे हरे, दोनशे नीले और पचास पीले. एक हफ्ते में चाहिए."

"इन्शाल्ला, मॅडम," हमदुल्ला म्हणाला.

शाळा एका जुन्या व्हिलात भरायची. पहिली-दुसरीच्या मुलांची चाचणी घेऊन मॅडमनी त्यांची प्रतवारी केली, आंबे निवडतात तशी. हुशार ते हिरवे, बरे ते निळे, उरलेले पिवळे. पिवळ्यांनी सगळ्यात मागे, गळक्या एसीखाली बसायचं. बिल्ला विसरला तर मधल्या सुट्टीत उन्हात उभं राहायचं. आणि सलग दोन सत्रं पिवळा राहिला, की शाळा सोडल्याचा दाखला हातात.

मी दुसरीतल्या ईशानीच्या वाट्याला आलो. पोरगी तल्लख होती, फक्त डावखुरी. मॅडम तिला उजव्या हातानेच लिहायला लावायच्या. मग अक्षरं रांगत राहायची आणि निम्मा पेपर कोरा. झाली पिवळी.

एकदा ती मला घरी विसरली. त्या दिवशी ती उन्हात किती वेळ उभी होती कोण जाणे, पण घरी आल्यावर तिने आधी मला शोधलं, मग पाणी मागितलं. त्यानंतर मी कधी तिच्या नजरेआड झालो नाही.

पहिलं सत्र पिवळं गेलं. दुसरं संपत आलं, तशी तिची आई, आशा, तिला घेऊन मॅडमना भेटायला गेली.

"मॅडम, दुसऱ्या कुठल्याच शाळेत सीट नाही. दाखला दिलात तर हिला घेऊन मला चिपळूणला जावं लागेल. हिचे बाबा इथे एकटे पडतील. बाबा आल्याशिवाय ही जेवत नाही हो."

"अहो, मीपण चिपळूणचीच," मॅडम गोड हसल्या. आशाला धीर आला. मलाही आला. "म्हणून तर स्पष्ट सांगते. वेटिंग लिस्टवर हिरवी मुलं आहेत."

अशातच शिक्षण मिनिस्ट्रीची तपासणी जाहीर झाली. मुलांना असे शिक्के मारलेले मिनिस्ट्रीला चालणार नव्हते, म्हणून तपासणीच्या सकाळी सगळे बिल्ले बिस्किटाच्या डब्यात गोळा झाले. आदल्या दिवशी हात वर करायची तालीमही झाली होती. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मॅडम उजव्यांनाच विचारणार होत्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांना मात्र सगळा वर्ग हुशार दिसणार!

डबा ईशानीपुढे आला. तिला ते ऊन आठवलं असणार. तिने मला हळूच खिशात घातलं.

तपासनीस वयस्कर होते, पांढऱ्या पायघोळ अरबी कंदुऱ्यातले, मऊ आवाजाचे. मॅडमनी चोविसाचे निम्मे विचारले. चाळीस हात वर गेले. ईशानीला उत्तर येत होतं, पण सवयीने तिचा डावा हात वर गेला, आणि सगळ्यांत उंच गेला. मॅडमनी तिला वगळून तीन मुलांना विचारलं. मग तपासनिसांनीच ईशानीकडे बोट दाखवलं.

"ट्वेल्व्ह, सर."

"एक्सलंट! व्हाय टीचर नॉट आस्किंग यू?"

"बिकॉज आय ॲम येलो, सर."

आणि तिने मला खिशातून काढून दाखवलं. बिल्ला हरवला नाही म्हणून शाबासकी मिळेल, असं वाटलं असेल बिचारीला.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. तपासनिसांनी डबा शोधून काढायला लावला, ईशानीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला तिच्या मुठीत परत ठेवलं. "खलास, हबीबती. नो मोअर येलो." मी हरखून गेलो. जन्माचं सार्थक झालं म्हटलं!

शाळेने हुकूम तंतोतंत पाळला. बिल्ले गेले. पुढच्या शनिवारी, तिथला आठवडा सुरू होताच, गुलाब, कमळ आणि मोगरा असे गट झाले, आणि मोगरा एसीखाली बसला. त्याच आठवड्यात ईशानीला दाखला मिळाला. तिचे बाबा, दत्तप्रसाद, ऑफिसात तासभर हात जोडून उभे होते. "तुमच्या मुलीने शाळेची अब्रू घालवली," एवढंच उत्तर मिळालं.

घरी येऊन ते फक्त एकदाच म्हणाले, "तू दाखवलास कशाला गं?" ईशानीने मला दप्तराच्या तळाशी खुपसलं. बाबा बेड-स्पेसमध्ये, म्हणजे दहा जणांच्या खोलीतल्या एका भाड्याच्या खाटेवर, राहायला गेले. आम्ही चिपळूणला आलो.

आता माझ्यावर चरे पडलेत, पिन गंजलीय. मला वाटलं होतं, ती मला वाटेत कुठेतरी टाकून देईल. नाही टाकलं. रोज सकाळी ती मामाच्या अंगणात शाळा-शाळा खेळते. विद्यार्थिनी एकच, मामेबहीण संजना, चार वर्षांची.

"हाऊ मच इज सेव्हन प्लस फाइव्ह?"

संजनाला इंग्रजी कळत नाही. ती हसून दोन्ही हात वर करते. मग ईशानी मला तिच्या फ्रॉकला टोचते. पिन आज कापडापलीकडे गेली. संजना कळवळली.

"यू आर येलो," ईशानी म्हणाली, अगदी मॅडमच्या गोड आवाजात. "गो अँड स्टँड इन द सन."

आणि संजना रडत रडत, पण मुकाट्याने, उन्हात जाऊन उभी राहिली.

ऐकणाऱ्यांनो, तुम्हाला हात आहेत, मला नाहीत. मला उचला आणि पेटत्या बंबात घाला. उद्या सकाळी पुन्हा शाळा भरणार आहे.